अ‍ॅल्युमिनियमच्या जोडाला चीर का जाते?



संयोजक म्हणाले, "तुझ्या कामाबद्दल बोल." मी भोसरीत अ‍ॅल्युमिनियमचं वेल्डिंग करतो आणि पोरांना शिकवतो. रोजचा प्रश्न एकच: जोड दिसायला देखणा, पण गार होता होता मधोमध केसासारखी चीर.

आपल्या कडेगाव-विट्याकडे गलाईवाल्यांची घरं पुष्कळ, म्हणून इथे हे सांगणं सोपं. शुद्ध सोनं १०६४ अंशांनाच वितळतं आणि तिथेच गोठतं. मिश्रधातूचं तसं नसतं. शिड्या, फ्रेमना लागणारं ६०६१ हे अ‍ॅल्युमिनियम साधारण ६५० अंशांना गोठायला लागतं आणि ५८० च्या आसपास पुरतं गोठतं. मधल्या वेळात घट्ट झालेल्या कणांमध्ये रसाचा पातळ थर उरतो. धातू आकसतो, दोन्हीकडून ओढ बसते, थर फाटतो आणि ती फट भरायला रस शिल्लक नसतो.

बरेच जण चिरेवरून पुन्हा टॉर्च फिरवतात. चीर झाकते, जात नाही. खरा उपाय तारेत आहे. ६०६१ मध्ये सिलिकॉन एक टक्क्याच्या आत, आणि नेमकं एवढंच प्रमाण चिरेला पोषक. ४०४३ तारेत ते ५ टक्के. ती मिसळली की शेवटपर्यंत पुरेसा रस राहतो आणि फटीत उतरतो. त्यासाठी कडा व्ही आकारात घासायच्या, म्हणजे तार भरपूर बसते. जॉब शिकंज्यात गच्च आवळायचा नाही. शेवटी आर्क झटकन तोडायचा नाही, खड्डा भरून मग करंट उतरवायचा. कित्येक चिरा त्या खड्ड्यातच सुरू होतात. (अ‍ॅनोडायझिंग करायचं असेल तर मात्र मॅग्नेशियमची ५३५६ तार घ्या, ४०४३ चा जोड काळा पडतो.)

मध्यंतरी टँकरवर चढायची एक शिडी दुरुस्तीला आली. लाल द्रावणाच्या तपासणीत वरच्याच पायरीला चीर निघाली. मालक म्हणाला, "चालतंय की, घासून रंग मारा." त्या पायरीवर रात्री-अपरात्री ड्रायव्हर उभा राहणार होता. मी जोड कापून काढला, नव्यानं भरला आणि पुन्हा तपासूनच शिडी दिली. मालक आठवडाभर फुगून होता.

७०७५ कुणी आणलं, तर सरळ बोल्ट मारायला सांगतो. नेहमीच्या वेल्डिंगला ते दाद देत नाही.

आपल्यापैकी कुणाच्या मुलाला-मुलीला हे शिकायचं असेल, तर भोसरीला पाठवा. राहण्याची सोय मी बघतो.