अर्धांगवायु आणि पहिले साडेचार तास



आजच्या माझ्या विषयाचें नांव निघालें, कीं घरांतील वडील मंडळी पूर्वीं 'देवाची करणी' असें म्हणून गप्प होत असत. अर्धांगवायु, पक्षाघात, लकवा, वाऱ्याचा झटका अशीं अनेक नांवें या रोगास आपल्याकडे आहेत. त्यांत ज्या नांवांत 'वायु' आहे तें सर्वांत रूढ, आणि माझ्या मतें त्यानेंच आपलें थोडें नुकसान केलें आहे. वारा लागला म्हटलें, कीं तेल चोळावें, शेकावें, पांघरूण घालून पडूं द्यावें, हा पुढचा क्रम आपोआप ठरतो. रोग हातापायांत दिसतो म्हणून उपचारही हातापायांवर होतो. वास्तविक हात निर्दोष असतो, पायही निर्दोष असतो. बिघाड असतो तो कवटीच्या आंत. स्वित्झर्लंडमधील शाफहाउझेन गांवच्या योहान याकोब वेप्फर या वैद्यानें, असा झटका येऊन मेलेल्या माणसांचीं शवें तपासून, त्यांच्या मेंदूंत रक्तस्राव झाल्याचें १६५८ सालीं ग्रंथ लिहून दाखवून दिलें होतें. म्हणजे हें ज्ञान जुनें आहे. रोग्यास त्याचा प्रत्यक्ष उपयोग होण्यास मात्र पुढें तीनशें वर्षांहून अधिक काळ जावा लागला.

मी डॉक्टर नाहीं. मॅट्रिक होऊन आयुष्यभर मास्तरकी केलेला एक निवृत्त मनुष्य आहें. हा विषय मीं हौसेनें वाचला नाहीं. घरांत प्रसंग घडला म्हणून वाचावा लागला. तो प्रसंग पुढें सांगेन. आधीं रोग काय आहे तें पाहूं.

आपल्या मेंदूचें वजन सगळ्या शरीराच्या सुमारें २ टक्के. परंतु शरीर जो प्राणवायु वापरतें त्याचा सुमारें पांचवा हिस्सा एकटा मेंदू खातो. बरें, पुढच्या वेळेसाठीं साठा करून ठेवण्याची त्यास मुळींच सोय नाहीं. रोजचें आणावें आणि रोजचें खावें असा ज्याचा संसार, त्याच्या घरीं एक दिवस बाजार बंद झाला तर जें होईल तें मेंदूचें कांहीं मिनिटांत होतें. हा पुरवठा दोन रीतींनीं तुटतो. एक तर रक्ताची गुठळी धमनींत अडकते, नाहीं तर धमनी फुटून रक्त मेंदूंत पसरतें. पहिला प्रकार पुष्कळच अधिक आढळतो. खरी अडचण ही, कीं बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. तेंच वाकडें तोंड, तोच लुळा हात. आणि उपचार मात्र एकमेकांच्या अगदीं उलट! गुठळी विरघळविणारें औषध रक्तस्राव झालेल्या रोग्यास दिलें तर तो दगावण्याचीच भीति. म्हणून कवटी न उघडतां आंत पाहण्याची युक्ति सांपडेपर्यंत डॉक्टरांचे हात बांधलेले होते.

हे हात किती बांधलेले होते याचें एक उदाहरण सर्वांच्या ऐकिवांतलें आहे. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट हे १२ एप्रिल १९४५ रोजीं वॉर्म स्प्रिंग्ज येथें आपलें चित्र काढवून घेण्यास बसले असतां डोकें दुखत असल्याचें सांगून बेशुद्ध झाले आणि त्याच दुपारीं वारले. त्यांचा रक्तदाब मार्च १९४४ मध्येंच १८६ वर १०८ असा नोंदला गेला होता. शेवटच्या दिवशीं वरचा आकडा ३०० पर्यंत गेला. जगांतील अत्यंत बलाढ्य राष्ट्राचा हा प्रमुख, पदरीं उत्तम हृदयतज्ज्ञ; पण त्या तज्ज्ञाजवळ रक्तदाब उतरविणारी एक धड गोळी नव्हती. आज ती गोळी आपल्या गल्लींतल्या औषधांच्या दुकानांत चहाच्या पेल्याहून स्वस्त मिळते, आणि आपण ती 'आतां बरें वाटतें' म्हणून सोडून देतों!

आंत पाहण्याची ती युक्ति गॉडफ्रे हाउन्सफील्ड या इंग्रज अभियंत्यानें काढली. हा ग्रामोफोनच्या तबकड्यांसाठीं प्रसिद्ध असलेल्या ई. एम. आय. कंपनींत नोकरीस होता, आणि विद्यापीठाची पदवी त्याच्यापाशीं नव्हती. (मजसारख्या मॅट्रिकवाल्यास ही गोष्ट सांगतांना थोडा आनंद होतो, तो श्रोत्यांनीं क्षम्य मानावा.) ऑक्टोबर १९७१ मध्यें लंडनच्या अॅटकिन्सन मॉर्ली रुग्णालयांत एका रोग्याच्या मेंदूचें छायाचित्र त्याच्या यंत्रानें प्रथम घेतलें. तेंच आजचें सीटी स्कॅन. कॉरमॅक या शास्त्रज्ञाबरोबर त्यास १९७९ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. ताजें रक्त या चित्रांत पांढरें दिसतें, आणि दोन प्रकारांचा निवाडा कांहीं मिनिटांत होतो.

निवाडा झाला, पण पुढें काय? हृदयविकारांत उपयोगी पडलेलें स्ट्रेप्टोकायनेज हें औषध मेंदूच्या गुठळीवर वापरून पाहिलें, तों मेंदूंत रक्तस्राव होऊन इतके रोगी दगावूं लागले, कीं १९९० नंतरच्या दशकांत ते प्रयोग मध्येंच थांबवावे लागले. यश आलें तें डिसेंबर १९९५ मध्यें. अमेरिकेंत ६२४ रोग्यांवर केलेल्या प्रयोगांत, झटका आल्यापासून ३ तासांच्या आंत आल्टेप्लेज हें औषध शिरेंतून दिलें, तर तीन महिन्यांनंतर जवळजवळ पूर्ण बरें होण्याचा संभव निदान ३० टक्क्यांनीं वाढतो असें आढळलें. धोकाही होता. औषध दिलेल्यांपैकीं शंभरांत सहांच्या मेंदूंत घातक रक्तस्राव झाला. न दिलेल्यांत हें प्रमाण शंभरांत एकाहूनही कमी होतें. दोन्ही पारडीं तोलूनही लाभाचें पारडें जड राहिलें. पुढें २००८ सालीं युरोपांतील प्रयोगानें ही मुदत साडेचार तासांपर्यंत वाढविली.

मुदत हा या सर्व प्रकरणाचा प्राण आहे. सेव्हर नांवाच्या अमेरिकन डॉक्टरानें २००६ सालीं हिशेब मांडला, कीं मोठी धमनी बंद पडलेल्या रोग्याच्या मेंदूंतील १९ लाख पेशी दर मिनिटास मरतात. मीं जन्मभर मुलांकडून त्रैराशिकें सोडवून घेतलीं. हें एक त्रैराशिक मात्र मला अजून सुखानें करवत नाहीं.

कारण आतां तो प्रसंग. २०११ सालीं एका सकाळीं माझे थोरले बंधु अण्णा अंथरुणांतच आढळले. तोंड डावीकडे ओढलेलें, उजवा हात लुळा, आणि तोंडांतून शब्द नाहीं. तेव्हां सहा वाजले होते. रक्तदाबाच्या गोळ्या त्यांनीं दोन महिन्यांपूर्वीं आपण होऊन बंद केल्या होत्या. दुखत कांहींच नव्हतें. हा रोग बहुधा दुखत नाहीं, आणि हीच त्याची मोठी फसवणूक आहे. छातींत कळ आली तर मनुष्य ओरडतो, दहा शेजारी धांवतात. येथें रोगी शांत पडून राहतो, आणि घरचेही शांत होतात. "वारा लागला असेल, जरा पडूं द्या," असें कोणी म्हटलें तें विचारूं नका. तें मीच म्हटलें. तळपायांस तेल चोळलें. नेहमींचे डॉक्टर आठ वाजतां दवाखाना उघडीत, त्यांची वाट पाहिली. त्यांनीं तात्काळ रुग्णालयांत न्यावयास सांगितलें, तर पहिल्या रुग्णालयांत सीटीचें यंत्रच नव्हतें. दुसऱ्या ठिकाणीं पोंचलों तेव्हां सव्वानऊ झाले होते.

तेथील तरुण डॉक्टरानें पहिलाच प्रश्न विचारला, "यांना शेवटचें धडधाकट असें कोणी, किती वाजतां पाहिलें?" मी व माझा पुतण्या तेथें होतों. पुतण्या म्हणाला, "रात्रीं दहाला झोपले तेव्हां." मीं मान डोलावली. डॉक्टरानें घड्याळाकडे पाहिलें आणि लेखणी खालीं ठेवली. रात्रीं दहापासून धरलें तर मुदत कधींच उलटून गेली होती.

वहिनी अकरा वाजतां डबा घेऊन आल्या. बोलतां बोलतां त्या म्हणाल्या, "साडेपांचाला मला म्हणाले होते, दूध आलें का बघ." अगदीं स्पष्ट बोलले होते. म्हणजे दहा वाजेपर्यंत मुदत होती. आम्ही सव्वानऊला तेथें होतों. पाऊण तास हातांत होता, आणि ज्या बाईला वेळ ठाऊक होती तिला घरींच ठेवून आम्ही दोघे पुरुष उत्तर देण्यास गेलों होतों. औषध मिळतें तर अण्णा बरे झालेच असते असें मी म्हणत नाहीं. आकडे वर सांगितलेच आहेत. पण तो संभव आमच्यामुळें गेला.

त्यानंतर या शास्त्रानें मोठी मजल मारली आहे. जांघेंतील धमनींतून बारीक नळी थेट मेंदूपर्यंत नेऊन, जाळीच्या साहाय्यानें गुठळी ओढून बाहेर काढतां येते. हॉलंडमधील ५०० रोग्यांवरील प्रयोगाचा निकाल २०१५ च्या आरंभीं छापून आला. नेहमींच्या उपचारानें शंभरांत १९ रोगी स्वतःचें स्वतः करण्याइतके बरे होत. नळीचा उपाय जोडल्यावर हें प्रमाण ३३ च्या घरांत गेलें. त्याच वर्षीं आणखी चार प्रयोगांनीं हेंच सांगितलें. हा उपाय मोठ्या धमनींतील गुठळीवरच चालतो. पण निवडक रोग्यांत तो २४ तासांपर्यंतही उपयोगी पडतो असें २०१८ पर्यंत सिद्ध झालें. झोपेंत झटका आलेल्यांचा प्रश्नही कांहींसा सुटला आहे. एमआरआयच्या चित्रावरून इजा ताजी कीं जुनी हें ओळखून औषध देतां येतें, असा प्रयोग २०१८ सालीं प्रसिद्ध झाला. आल्टेप्लेज तासभर थेंबथेंब द्यावें लागे. टेनेक्टेप्लेज हें त्याचेंच सुधारलेलें भावंड एकाच टोंचणींत कांहीं सेकंदांत देतां येतें. पुण्याच्या जेनोव्हा कंपनीनें बनविलेल्या टेनेक्टेप्लेजला आपल्या देशांत या रोगासाठीं २०१६ सालीं परवानगी मिळाली; अमेरिकेंत हें औषध या कामीं मान्य झालें तें २०२५ मध्यें. जर्मनींतील होम्बुर्ग येथें तर सीटीचें यंत्रच मोटारींत बसवून रोग्याच्या दारीं नेण्यास २००८ सालापासून सुरुवात झाली.

हें सारें ऐकून केवळ औषधानेंच रोगी तरतो असें मात्र वाटूं देऊं नये. अशा रोग्यांसाठीं राखून ठेवलेला कक्ष, त्यांत याच कामांत मुरलेल्या परिचारिका, एवढ्यानेंच मृत्यु कमी होतात असें ग्लासगोच्या लँगहॉर्न यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९३ सालीं निरनिराळ्या प्रयोगांचे आकडे एकत्र करून दाखविलें. त्यांत नवें औषध एकही नव्हतें. ही शुश्रूषा म्हणजे काय, तर बारीकसारीक गोष्टी. रोग्याची गिळण्याची शक्ति तपासल्यावांचून त्यास पाण्याचा घोटही द्यावयाचा नाहीं. कारण तो घोट श्वासनलिकेंतून फुफ्फुसांत जाऊन न्युमोनिया होतो. आम्हीं अण्णांना घरींच अर्धा पेला चहा पाजला होता. तो त्यांच्या ओठांतून गळाला, हें आमचें सुदैव. तसेंच ॲस्पिरिनची गोळीही सीटी होण्यापूर्वीं घरीं देऊं नये. आंत रक्तस्राव असेल तर तीच घात करील.

उत्साहाच्या भरांत रोग्यास लवकर उठविण्यालाही मर्यादा आहे. २०१५ सालीं २,१०४ रोग्यांवरील एका मोठ्या प्रयोगांत, पहिल्या २४ तासांतच वारंवार व पुष्कळ वेळ उठवून चालविलेल्यांची सुधारणा इतरांहून कमी झाली. आपल्या देशांतही १४ रुग्णालयांत १,२५० रोग्यांवर प्रयोग झाला. घरच्या माणसांस व्यायाम शिकवून रोग्याची उभारी वाढते का, हा प्रश्न. २०१७ सालीं उत्तर आलें : फरक पडला नाहीं. तें वाचून मी खिन्न झालों. माझ्या समजुतीप्रमाणें त्याचा अर्थ घरची माणसें निरुपयोगी असा नव्हे; शिकलेल्या व्यायामतज्ज्ञाचें काम चार दिवसांच्या शिकवणीवर आपल्या सुनांच्या गळ्यांत घालूं नये, इतकाच आहे.

अण्णांची वाचा परत आली नाहीं. बहुतेक माणसांची वाचा मेंदूच्या डाव्या भागांत असते. फ्रान्सच्या पॉल ब्रोका यांनीं १८६१ सालीं, 'टॅन' एवढाच उच्चार करूं शकणाऱ्या रोग्याच्या मृत्यूनंतर त्याचा मेंदू तपासून याचा पाया घातला. अण्णांना मी 'पाणी' म्हणावयास शिकवूं पाहीं. ओठ थरथरत, शब्द येत नसे. एके दिवशीं कंटाळून मीं सवयीनें बेचा पाढा सुरू केला, तों अण्णा माझ्याबरोबर वीसपर्यंत स्वच्छ म्हणून गेले! आरतीही सुरांत येई. पाठ झालेलें, चालीवर बसलेलें बोलणें पुष्कळदां शाबूत राहतें, असें पुढें वाचनांत आलें. बोस्टन येथें १९७३ सालीं यावरूनच सुरांतून बोलावयास शिकविण्याची पद्धत निघाली. त्या पाढ्यानंतर 'पाणी' मात्र आलें नाहीं. पांच वर्षें आम्ही रोज संध्याकाळीं पाढे म्हणत असूं.

आमच्या घरीं दूरध्वनीजवळ भिंतीवर आतां एक कागद लावलेला आहे. वहिनींनींच तो लावविला. वर १०८ हा रुग्णवाहिकेचा आंकडा. त्याखालीं, जेथें सीटी रात्रंदिवस चालू असतें अशा जवळच्या रुग्णालयाचें नांव. मग लक्षणें : तोंड वाकडें, हात उचलत नाहीं, बोलणें बोबडें, एकाएकीं तोल किंवा दृष्टि गेली. घरांतील प्रत्येक म्हाताऱ्याच्या चालू गोळ्यांची यादी. आणि अगदीं खालीं एक रिकामी ओळ सोडलेली आहे. तिच्यावर शेवटचें धडधाकट पाहिल्याची वेळ लिहावयाची, आणि ज्यानें पाहिलें त्यानेंच रुग्णवाहिकेंत बसावयाचें.