दोन डॉक्टर, दोन मते

निपाणीच्या एका तंबाखूच्या वखारीत माझ्या थोरल्या बंधूंची तीस वर्षे हिशेब लिहिण्यात गेली. तळहातावर चुना-तंबाखू मळून ती गालाआड धरण्याची सवय त्यांना तेथेच जडली. जिभेच्या कडेला उठलेला व्रण महिना उलटला तरी भरेना, तेव्हा बेळगावास तुकडा काढून तपासून घेतला. कर्करोग निघाला.

येथवर मतभेद नव्हता. एका शल्यविशारदांचे म्हणणे पडले, जिभेचा रोगट भाग काढताना मानेतील गाठीही त्याच वेळी काढाव्यात. दुसरे म्हणाले, मानेत हाताला काही लागत नाही. जिभेपुरती शस्त्रक्रिया करू आणि मान वरचेवर तपासत राहू. दोघेही अनुभवी, दोघांच्याही बोलण्यात कळकळ. रविवारी मिस्सा आटोपल्यावर चर्चच्या आवारात तिसरे, चौथे आणि पाचवे मतही मिळाले. ती देणाऱ्यांत डॉक्टर कोणीच नव्हता. या घोळात बारा दिवस गेले.

वस्तुतः हा वाद आमच्या घरचा नव्हे. तो जगभर कित्येक दशके चालला होता. तोंडाचा कर्करोग पसरू लागला म्हणजे बहुधा प्रथम मानेतील गाठींत उतरतो, आणि आरंभी तो बोटांना लागत नाही. म्हणून गाठी आधीच काढाव्यात, हा एक पक्ष. परंतु पुष्कळांच्या गाठी निरोगी असतात. त्यांना विनाकारण मोठी शस्त्रक्रिया आणि आखडलेला खांदा सोसावा लागतो, हा दुसरा. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. अनिल डिक्रूझ व त्यांच्या सहकाऱ्यांनी, आरंभीच्या अवस्थेतील रोग्यांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडून, ही गोष्ट पडताळून पाहिली. ५०० रोग्यांवरून काढलेले निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. तीन वर्षांअखेर, गाठी आधीच काढलेल्यांपैकी शेकडा ८० हयात होते. वाट पाहिलेल्यांपैकी शेकडा साडेसदुसष्ट. म्हणजे आठ रोग्यांमागे एक जीव.

मात्र रोगाची खोली ३ मिलिमीटर वा त्याहून कमी असेल, तर हा लाभ स्पष्ट दिसला नाही. तेव्हा दुसरे डॉक्टर अगदीच निराधार बोलत नव्हते! बंधूंच्या कागदांत खोलीचा आकडाच नव्हता. मी शाळामास्तर, दोन मुलांची उत्तरे जुळली नाहीत की आधी त्यांनी उदाहरण काय उतरवून घेतले ते पाहतो. दोघांनाही मी एकच प्रश्न विचारला : खोली किती धरून आपण हा सल्ला दिलात? पहिल्यांनी सात-आठ मिलिमीटर धरली होती, दुसऱ्यांनी दोन-तीन. एमआरआय केला; ७ भरली. दुसऱ्या डॉक्टरांनी ते चित्र पाहिले आणि स्वतःच म्हणाले, "मग गाठी काढल्याच पाहिजेत."

काढलेल्या गाठींपैकी एकीत रोग सापडला. ती दोघांपैकी कोणाच्याच बोटांस लागली नव्हती. या गोष्टीला आता चार वर्षे झाली. दादांचे बोलणे थोडे बोबडे झाले आहे, आणि खुंटीवरची छत्री काढावयास ते डावा हात पुढे करतात.