शिवेवरचा वाघदेव

ग्रामदैवत म्हटले की कळस, दीपमाळ, गाभारा आणि पूजेची वहिवाट वंशपरंपरेने सांभाळणारा गुरव, असे चित्र आपल्या मनश्चक्षूंपुढे उभे राहते. मोखाडा तालुक्यातील खोडाळ्याच्या परिसरात अशा देवालयांची वाण नाही. जवळच देवबांधला सुंदरनारायण गणपतीचे मंदिर आहे आणि तेथे भाविकांची वर्दळ असते. परंतु या डोंगराळ मुलखातील वारली, कोकणा, महादेव कोळी आणि ठाकूर यांनी ज्याच्या हवाली आपली गुरेढोरे केली, तो वाघदेव छपराखाली बसत नाही. त्याचे ठाणे गावाच्या शिवेवर, ऊनपावसात. कारण ज्याने गाव राखायचे, त्याचा पहारा हद्दीवरच हवा.

कोठे उभा पाषाण, तर कोठे सागवानी फळी. तीवर कोरलेला वाघ, वरच्या अंगाला चंद्र-सूर्य, आणि या सर्वांवर शेंदराचे लेपन. आश्विन वद्य द्वादशीला, म्हणजे देशावर जिला वसुबारस म्हणतात त्या वाघबारशीच्या दिवशी, गुराखी घरोघर हिंडून तांदूळ-डाळीचा शिधा जमवतात, देवाला नारळ फोडतात, कोठे कोंबडाही देतात आणि तेथेच रानात चूल मांडून एकत्र जेवतात. पोरांपैकी एखादा वाघ होतो. बाकीचे आरोळ्या ठोकीत त्याला शिवेपार पिटाळून लावतात.

ज्याच्यापासून भय, त्यालाच रखवालीवर नेमावे, यात भाबडेपणा नसून मोठे व्यवहारचातुर्य आहे. आणि या देवाच्या सेवेचा मान पाटलाकडे वा सावकाराकडे न जाता, वर्षभर ज्याने जीव मुठीत धरून रानात गुरे राखली त्या गुराख्याकडे जातो, हा न्यायही विचार करण्याजोगा आहे.

शेजारचे जव्हार संस्थान १९४८ साली मुंबई प्रांतात विलीन झाले. २०१४ साली ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा निघाला. सरकारी दप्तरांतील हद्दी अशा बदलत गेल्या, तरी वाघदेवाने आपली शीव सोडली नाही.

तेव्हा जीर्णोद्धाराच्या उत्साहात वर्गणी गोळा करून या देवाला सिमेंटच्या देवळात कोंडण्याचा विचार कोणाच्या मनात आलाच, तर त्या मंडळींना माझी एवढीच विनंती आहे, की गवंड्याला बोलावण्याआधी गुराख्यांना विचारावे.