धूर पाहून जाळ राखणारें इंजिन



चुलीपुढें बसलेली गृहिणी लांकडें मोजून जाळ करीत नाहीं. धूर डोळ्यांत जाऊं लागला कीं लांकूड मागें ओढते, जाळ मंदावला कीं पुढें सारते. परिणाम पाहून कारण सुधारण्याची हीच युक्ति पेट्रोलच्या इंजिनास कशी शिकविली आहे, तें आज सांगावयाचें आहे.

एक ग्रॅम पेट्रोल पुरतें जळण्यास सुमारें १४.७ ग्रॅम हवा लागते. पूर्वीं मेकॅनिक इंजिनाचा आवाज ऐकून कार्बुरेटरचा स्क्रू फिरवी, आणि पुढें कित्येक महिने इंजिन त्याच अंदाजावर चाले. १९७६ सालीं कॅलिफोर्नियांत विकावयाच्या व्होल्व्हो मोटारींत बॉश कंपनीचा लॅम्ब्डा सेन्सर बसला. झिर्कोनिया नांवाच्या, चिनीमातीच्या जातीच्या पदार्थाचें हें बोटाएवढें साधन धुराच्या नळींत असतें. धुरांतील प्राणवायु संपला कीं तें सुमारें ०.९ व्होल्ट दाखवितें, उरला कीं ०.१. त्यावरून संगणक पेट्रोलची पिचकारी कमीअधिक वेळ उघडतो.

एवढा कांटेकोरपणा कशासाठीं? नळींत पुढें प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम यांचा लेप दिलेला एक डबा असतो. त्यास कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला प्राणवायु द्यावयाचा असतो, आणि त्याच वेळीं नायट्रोजनच्या ऑक्साइडांकडून तो काढून घ्यावयाचा असतो. हीं दोन्ही कामें त्या एका प्रमाणाच्या आसपासच साधतात. हवा थोडी अधिक ठेवल्यास पेट्रोल वाचतें खरें, पण दुसरें काम अडतें. काटकसरीनें येथें थोडी माघार घेतली, तें माझ्या मतें योग्यच झालें.

खरी अडचण निराळीच आहे. पिचकारी उडाल्यापासून तिचा धूर सेन्सरपर्यंत पोहोंचण्यास सेकंदाचा कांहीं अंश जातो. म्हणजे निरोप नेहमीं शिळाच. (वार्षिक निकाल हातीं पडल्यावर शिकवणी शोधणारे पालक आम्हां शिक्षकांस परिचयाचे आहेत.) शिळ्या निरोपावर मोठी दुरुस्ती केली, तर इंजिनास कधीं उपास, कधीं अजीर्ण. म्हणून संगणक पेट्रोल बेताबेतानें वाढवितो आणि निरोप उलटला कीं तसेंच घटवितो. मिश्रण लंबकाप्रमाणें झुलत राहतें. डब्यांतील सेरियम ऑक्साइड जास्तीचा प्राणवायु सांठवून उणीव पडतांच परत देतें, त्यामुळें हे झोके बाधत नाहींत.

सेन्सर सुमारें ३०० अंश तापल्यावांचून बोलत नाहीं, आणि थंड डबाही निरुपयोगी. सबब गाडी सुरू केल्यानंतरच्या पहिल्या मिनिट-दोन मिनिटांचा धूर सर्वांत वाईट. दोन गल्ल्यांपलीकडील दुधासाठीं गाडी काढणारांनीं हें ध्यानांत घ्यावें.

भारतांत १ एप्रिल २०२० पासून ‘भारत स्टेज सहा’चे नियम लागू झाले, आणि नव्या मोटारसायकलींतही पिचकारी व सेन्सर आले. सेन्सर बिघडला तरी गाडी धांवते, म्हणून तबकडीवरील पिवळ्या दिव्याकडे कोणी पाहत नाहीं. पण तेव्हां संगणक पुन्हां अंदाजानें पेट्रोल देऊं लागतो. तें जास्त झालें, तर न जळलेलें इंधन डब्यांत जळून डबाच वितळण्याचा संभव असतो. तो दिवा लागल्यास गॅरेजवाल्यास सेन्सर आणि त्याची तार प्रथम तपासावयास सांगावें; डब्याच्या मानानें सेन्सर पुष्कळ स्वस्त असतो.