फोटोतली मूठ



आमच्या शेजारचे काका-काकू बँकॉक-पट्टायाच्या टूरला जाऊन आले, त्याला आता बरीच वर्षं झाली. फोटो धुऊन आणायचे दिवस होते ते. परत आल्यावर दुसऱ्याच संध्याकाळी अल्बम घेऊन दोघं आमच्याकडे हजर. देवळं झाली, बाजार झाला, आणि मग एक फोटो आला. काका खुर्चीत ताठ बसलेले, शेजारी तांबूस केसांचं ओरांगउटानाचं पिल्लू, त्याचा लांबलचक हात काकांच्या खांद्यावर. "बघा तरी, कसं हसतंय मेलं!" काकू म्हणाल्या. आम्हीही हसलो. पिल्लाला फुलाफुलांची चड्डी घातली होती. फोटोच्या अगदी कडेला एक मूठ दिसत होती आणि मुठीत दोरी होती. मुठीचा मालक फोटोत आलाच नव्हता.

आज मी बोलणार आहे ते त्या मुठीबद्दल.

बँकॉकच्या एका टोकाला सफारी वर्ल्ड नावाचं मोठं उद्यान आहे. ओरांगउटानांच्या बॉक्सिंगसाठी ते जगभर गाजलं. दोरखंडांचं रिंगण, घंटा, वर ढणाढणा संगीत. चकचकीत चड्ड्या आणि हातात ग्लोव्ह्ज घातलेले दोन ओरांगउटान समोरासमोर. एकाने ठोसा हाणायचा, दुसऱ्याने धाडकन आडवं व्हायचं. मधल्या वेळात बिकिनी चढवलेली एक ओरांगउटान मादी फेरीचा आकडा लिहिलेली पाटी डोक्यावर धरून मिरवायची. प्रेक्षक हसून हसून बेजार. मराठीत आपण याला माकडचेष्टा म्हणून मोकळे होऊ. पण यातली एक तरी चेष्टा माकडाची आहे का? ठोसे, पाट्या, बिकिनी, सगळ्या चेष्टा आपल्याच.

मुळात ओरांगउटान हे माकड नव्हेच. त्याला शेपूट नसते. चिंपांझी, बोनोबो, गोरिला यांच्या पंगतीतला तो मोठा कपी, म्हणजे आपला भाऊबंद. मलय भाषेत 'ओरांग' म्हणजे माणूस आणि 'हुतान' म्हणजे जंगल. सतराव्या शतकात बाताव्हियात, म्हणजे आजच्या जाकार्तात, बोंटियस नावाचा एक डच वैद्य राहत होता. जावातल्या लोकांकडून ऐकलेली एक गोष्ट त्याने लिहून ठेवली आहे. ते म्हणत, या प्राण्याला बोलता येतं, पण तो बोलत नाही. बोलला तर माणसं आपल्याला कामाला जुंपतील, हे त्याला ठाऊक आहे. बिचाऱ्याने तोंड मिटून ठेवलं, तरी शेवटी जुंपलाच.

हा प्राणी जंगलात सापडतो तो फक्त बोर्निओ आणि सुमात्रा या दोन बेटांवर. थायलंडच्या जंगलात तो नाही. मग बँकॉकच्या रिंगणात आला कुठून? इथून पुढची गोष्ट ऐकायला बरी नाही. ओरांगउटानाची मादी सात-आठ वर्षांतून एकदा विते. पिल्लू सहा-सात वर्षं तिच्या अंगाखांद्यावर वाढतं. कुठलं फळ कधी पिकतं, कुठली फांदी वजन पेलते, हे सगळं ते आईकडून शिकतं. आई जिवंत असेपर्यंत पिल्लू कुणाच्या हाती लागत नाही. म्हणून आधी आईला मारतात. उंचावरून ती कोसळते, तिच्या केसांना घट्ट धरून बसलेलं पिल्लू तिच्याबरोबर खाली येतं. वाचलं तर विकलं जातं. पामतेलाच्या मळ्यांसाठी जंगल तोडलं जातं, तेव्हा तर हे काम आणखी सोपं होतं. झाडंच उरली नाहीत, तर आई लपणार कुठे?

शिवाय या धंद्यात माल सारखा नवा लागतो. पूर्ण वाढलेला नर पंचाहत्तर किलोच्या पुढे जातो आणि त्याची ताकद माणसाच्या कैक पट. त्याला ग्लोव्ह्ज कोण घालणार? म्हणजे खेळाला लहान पोरंच हवीत. ती मोठी झाली की पिंजऱ्यात, आणि त्यांच्या जागी दुसरी पोरं. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने 2013 साली एक अहवाल काढला. या चोरट्या व्यापारापायी दर वर्षी जवळजवळ 3,000 मोठे कपी जंगलातून नाहीसे होतात, असा त्यातला अंदाज आहे. यात विकली गेलेली पिल्लं आली, तशा मारल्या गेलेल्या आयाही आल्या.

सफारी वर्ल्डवर थाई अधिकाऱ्यांनी धाड घातली, तेव्हा तिथे शंभरावर ओरांगउटान निघाले. ही आमच्याकडेच जन्मलेली पिल्लं आहेत, असं उद्यानाचं म्हणणं. मग डीएनए तपासणी झाली आणि खरा जन्मदाखला रक्तानेच दिला. नोव्हेंबर 2006 मध्ये 48 ओरांगउटान इंडोनेशियाला परत गेले. बोर्निओतल्या पालांगकारायाजवळ न्यारू मेंतेंग नावाचं पुनर्वसन केंद्र आहे, तिथे त्यांची रवानगी झाली. बँकॉकमधला खेळ मात्र त्यानंतरही चालूच राहिला.

न्यारू मेंतेंगमध्ये शाळा भरते. खरोखरच तिला 'जंगलशाळा' म्हणतात. सकाळी दाया पोरांना कडेवर घेऊन, हाताला धरून रानात नेतात आणि झाडावर चढायला लावतात. जंगलातला ओरांगउटान रोज संध्याकाळी फांद्या वाकवून, दुमडून झोपायला नवं घरटं बांधतो. आई नसलेल्या पोराला हे येत नाही. ते जमिनीवर बसून दायांच्या तोंडाकडे बघत राहतं. ठोसा मारायला शिकवणं त्यामानाने सोपं असावं.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं तिकडचं. पण आपल्याकडेही माकडवाले होते, अस्वल नाचवणारे दरवेशी होते, सर्कशी होत्या. अस्वलं, माकडं, वाघ, बिबटे आणि सिंह यांना खेळासाठी शिकवण्यावर आणि त्यांचे खेळ करण्यावर केंद्र सरकारने 1998 साली बंदी घातली. ती 2001 मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकली. तरी 2019 मध्ये कोलकात्यात सक्तवसुली संचालनालयाने एका तस्कराची मालमत्ता जप्त केली, तिच्यात तीन चिंपांझी होते! फ्लॅट, गाडी आणि चिंपांझी एकाच यादीत असावेत, तसं. मुंबईच्या विमानतळावरही थायलंडहून आलेल्या प्रवाशांच्या बॅगांतून गिबन निघाले आहेत. गिबन म्हणजे धाकटे कपी. कपडे, चॉकलेटं आणि त्यांच्याखाली कोंबलेलं एक जिवंत पोर.

पुण्यानेही एक ओरांगउटान पाहिली आहे. तिचं नाव बिन्नी. 2003 मध्ये ती पुण्याच्या राजीव गांधी प्राणिसंग्रहालयातून ओडिशातल्या नंदनकाननला गेली आणि 2019 मध्ये तिथेच वारली. त्या वेळी साऱ्या देशात ती एकटीच ओरांगउटान होती. तिला कुणी ग्लोव्ह्ज घातले नाहीत, पण बोलायला जातीचं कुणी नव्हतं.

काकूंच्या त्या "कसं हसतंय"बद्दल सांगायचं राहिलं. घाबरलेला चिंपांझी ओठ मागे ओढून दात दाखवतो. शुभेच्छापत्रांवर आणि जाहिरातींत आपल्याला तो 'हसताना' दिसतो, ते बहुतेक वेळा हेच. ओरांगउटानही भ्यायला की दात विचकतो. हे मी काकूंना कधी सांगितलं नाही. त्यांच्या टूरची ती आठवण होती.

2016 मध्ये बँकॉकच्या पोलिसांनी गिऱ्हाईक असल्याचं भासवून एका विक्रेत्याला पकडलं. त्याच्याकडे ओरांगउटानाची दोन तान्ही पोरं सापडली, एकमेकांना मिठी मारून बसलेली. त्यांची नावं ठेवली नोबिता आणि शिझुका. तुमच्या घरातल्या मुलांना विचारा, कार्टूनमधली ही नावं त्यांना पाठ असतील. डिसेंबर 2023 मध्ये दोघांना विमानाने इंडोनेशियाला परत नेलं. तेव्हा ती सातेक वर्षांची होती. जंगलात या वयाचं पोर आईपासून जरा दूर, शेजारच्या झाडावर जायला लागतं आणि अंधार पडायच्या आत स्वतःचं घरटं बांधून मोकळं होतं. या दोघांना आधी फांदी दुमडायला शिकायचं होतं.