मिलानला पोचलेलं पायताण



सेनापती घोरपड्यांच्या या कापशीत तुमचं मनापासून स्वागत. कोल्हापुरात गिऱ्हाईक ‘कापशी दाखवा’ म्हणतं, ती चप्पल याच गावच्या नावाची. अथणी-निपाणीच्या मंडळींचं विशेष स्वागत. कोल्हापुरीचं भौगोलिक मानांकन महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांचं आहे. सीमावाद आज मांडवाबाहेरच राहू दे.

आजची परिषद जागतिकीकरणाची. ते म्हटलं की आपल्याला जून 2025 आठवतो. मिलानच्या फॅशन शोमध्ये ‘प्राडा’नं आपल्या घाटाचं पायताण मांडलं आणि कोल्हापूरचं नावही घेतलं नाही. आपण ओरडलो, 2019 चं मानांकन दाखवलं. कंपनीनं प्रेरणा भारतातली असल्याचं मान्य केलं, डिसेंबरात महाराष्ट्राचं लिडकॉम आणि कर्नाटकचं लिडकर या सरकारी चर्मोद्योग महामंडळांशी करारही झाला. चांगलंच झालं. पण मी जन्मभर चपला विकत आलोय, म्हणून खरं बोलतो. त्यांनी नाव गाळून घाट उचलला. आम्ही दुकानदारांनी नाव ठेवून माल बदलला.

कातडं हिरड्याच्या आणि बाभळीच्या सालीच्या पाण्यात कमवायचं, तळ ठोकून बसवायचा, बाजूच्या कानवल्या जोडायच्या, शिवण कातड्याच्याच वादीनं घालायची. खिळा कुठंच नाही. कातड्याची वेणी बहुतेक घरांत बायका घालतात आणि मजुरीच्या हिशोबात त्यांचं नाव क्वचितच येतं. एवढ्या खटपटीची चप्पल स्वस्त कशी पडणार?

बाजार खुला झाला आणि 1995-96 च्या सुमारास माझ्याच दुकानात रेक्झिनची ‘कोल्हापुरी’ आली. साच्यातला तळ, छापलेली वेणी, निम्म्याहून कमी किंमत. पर्यटकाला फरक कळत नव्हता, मी सांगतही नव्हतो. आम्हाला वर्षानुवर्षं माल देणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिरानं ती उचलली, वाकवली, कानाशी नेली. ‘वाजत न्हाई,’ म्हणाला आणि जागेवर ठेवून दिली. पुढच्या दिवाळीपर्यंत त्याच्या पोरानं एमआयडीसीत नोकरी धरली होती. त्याची कातडं कापायची रापी पुन्हा कुणी हातात घेतली नाही.

इचलकरंजीचे माग आणि हुपरीची चांदी यांची दुखणी त्यातले जाणकार मांडतीलच. माझं म्हणणं एवढंच, की परदेशी कंपनीकडून मान मागताना आपल्या गल्ल्यावरचा हिशोबही या परिषदेत उघडा व्हावा. करारातल्या जोडामागे कारागिराच्या हातात किती पडणार, हे सरकारी पाहुण्यांनी आज आकड्यात सांगावं. वेणी घालणाऱ्या बाईला किती, तेही.

मांडवात गैरसोय झाली तर सांभाळून घ्या. जेवणानंतर मागच्या बाजूला कारागिरांनी चपला मांडल्या आहेत. बघा, पायात घालून चाला, आवडली तर घ्या. यजमान म्हणून एकच विनंती, तिथं घासाघीस करू नका.