टेलच्या गावालाही अख्खे इंटरनेट



ग्रंथालय कार्यकर्त्यांच्या संमेलनात अध्यक्षाने पुस्तकांवर बोलावे, असा प्रघात आहे. मी आज इंटरनेटवर बोलणार आहे. इथल्या, दौंड तालुक्यातल्या खुटबावच्या मुलाला काय वाचायला मिळेल, हे यापुढे बऱ्याच अंशी त्यावर ठरणार आहे, म्हणून ते आपलेच काम आहे.

२८ डिसेंबर २०१५ रोजी ‘टाइम्स ऑफ इंडिया’त मार्क झकरबर्ग यांचा लेख आला. त्यात महाराष्ट्रातला एक शेतकरी होता, नाव गणेश. फेसबुकच्या ‘फ्री बेसिक्स’ या फुकट सेवेवर त्याला हवामान कळते, बाजारभाव कळतो, आता तो नवी पिके आणि जनावरे घेण्याच्या बेतात आहे, असे लिहून झकरबर्ग यांनी विचारले होते की, गणेशने शेती नीट केली तर इंटरनेटचे काय बिघडते?

हा प्रश्न आपल्या नावाने विचारला गेला होता, म्हणून उत्तरही आपणच द्यायला हवे. ‘फ्री बेसिक्स’ रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या सिमवर मिळत असे, आणि ती जिथे आधी सुरू झाली त्या राज्यांत महाराष्ट्र होता. काही निवडक संकेतस्थळे फुकट, बाकीच्या जगासाठी पैसे. यादीत कुणाला घ्यायचे याचे नियम फेसबुकचे आणि सगळी ये-जा फेसबुकच्या यंत्रणेतून. म्हणजे केडगावच्या उपबाजारातला कांद्याचा भाव एखाद्या पोराने स्वतः संकेतस्थळ काढून रोज टाकायचे ठरवले, तर तो गणेशला दिसणार की नाही, हे कॅलिफोर्नियात ठरणार. आणि गणेशने स्वतःच काही लिहिले, आपल्या जमिनीविषयी, आपल्या कारखान्याविषयी, तर ते कुठल्या यादीत बसणार? त्या लेखातला गणेश फक्त घेणारा होता. तो काही देऊही शकेल, अशी त्यात सोयच नव्हती.

दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ‘ट्राय’ने, त्याच महिन्यात लोकांची मते मागवली होती. वेगवेगळ्या मजकुराला वेगवेगळे दर लावू द्यावेत का, असा मूळ प्रश्न होता. फेसबुकने आपल्या वापरकर्त्यांपुढे तयार पाठिंबापत्र ठेवले, वर्तमानपत्रांत पानपानभर जाहिराती दिल्या. ‘ट्राय’कडे सुमारे चोवीस लाख प्रतिक्रिया गेल्या आणि त्यांतल्या जवळपास एकोणीस लाख याच छापील पाठिंब्याच्या होत्या. दुसऱ्या बाजूला पैसा नव्हता. होते काही संगणक अभियंते, वकील, पत्रकार, विद्यार्थी आणि त्या आधीच्या एप्रिलमध्ये ‘ट्राय’ला दहा लाखांवर ईमेल पाठवून बसलेली तरुण मंडळी. ‘ट्राय’चे अध्यक्ष आर. एस. शर्मा यांनी डोकी मोजली नाहीत, उत्तरे वाचली. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी आदेश निघाला: मजकूर पाहून दर ठरवायचा नाही, मोडल्यास रोज पन्नास हजार रुपये दंड. जगातल्या सर्वांत बलाढ्य कंपन्यांपैकी एक भारतात हरली. नियामकाने पैशापुढे मान न तुकवल्याची उदाहरणे आपल्याकडे फार नाहीत, म्हणून ही तारीख मुलांना शिकवावी असे मला वाटते.

पण त्या विजयाने यादी गेली, दार उघडले नाही. गणेशला अख्खे इंटरनेट देणार कोण, हा प्रश्न त्या आदेशात नव्हताच. त्याच वर्षी ५ सप्टेंबरला जिओ आली, डेटा स्वस्त झाला, गावोगावी हातात फोन आले. हे खरे आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. सोबत हेही झाले की लहान कंपन्या एकामागून एक बुडाल्या, आणि आज देशातल्या मोबाइल ग्राहकांपैकी सुमारे तीन चतुर्थांश दोनच कंपन्यांकडे आहेत. जुलै २०२४ मध्ये दोघींनी एकाच वेळी दर वाढवले. जिओचे अठ्ठावीस दिवसांचे २३९ चे रिचार्ज २९९ चे झाले. रोजंदारीवर ऊस तोडणाऱ्या घरात दोन फोन असतील, तर महिन्याला सहाशे रुपये. न भरले तर काय होते? ई-पीक पाहणीचा फोटो चढत नाही, ई-केवायसी राहते, पोरीचा प्रवेशअर्ज राहतो. सरकारने आपले हक्क एकेक करून फोनवर नेले. त्या फोनचे भाडे मात्र खाजगी कंपनी ठरवते.

यावर तोडगा कागदावर फार पूर्वी निघालेला आहे. १९९९ च्या दूरसंचार धोरणाने मान्य केले की, नफा नाही तिथे कंपनी जाणार नाही. म्हणून २००२ पासून कंपन्यांच्या ठरावीक महसुलातले पाच टक्के ‘सार्वत्रिक सेवा निधी’त जमा होऊ लागले. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने त्याचे नाव ‘डिजिटल भारत निधी’ केले. हा पैसा अखेर तुमच्या-आमच्या बिलातूनच गेलेला आहे, आणि त्यातले हजारो कोटी वर्षानुवर्षे पडून राहिले. ऑक्टोबर २०११ मध्ये अडीच लाख ग्रामपंचायतींना ऑप्टिकल फायबरने जोडायची योजना मंजूर झाली. दोन वर्षांत काम व्हायचे होते. पहिल्या एक लाख पंचायती व्हायला २०१७ चा डिसेंबर उजाडला. तीच भारतनेट, आणि आपल्या राज्यातला तिचा पुढचा टप्पा म्हणजे महानेट. ऑगस्ट २०२३ मध्ये भारतनेटसाठी पुन्हा १,३९,५७९ कोटी रुपये मंजूर झाले आहेत.

दौंड-इंदापूरच्या माणसाला हे दुखणे समजावून सांगावे लागत नाही. खडकवासल्यातून आवर्तन सुटते, कागदावर सगळ्या फाट्यांना पाणी मिळते, आणि टेलचा, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाचा, शेतकरी कोरड्या चारीवर उभा असतो. फायबरचेही तेच आहे. अनेक पंचायतींत भिंतीवर डबा आहे, त्याचा दिवा बंद आहे. रस्त्याच्या कामात जेसीबीने केबल तोडली, जोडायचे काम कुणाचे ते कुणाला माहीत नाही. अहवालात मात्र ते गाव जोडलेले आहे. पंचायतीपर्यंत आलेली तार वाचनालयात, शाळेत, घरात नेण्याची जबाबदारी कुणावर ठेवली गेली नाही. माझ्या मते सगळी गोम इथे आहे.

हे शेवटचे अंतर गावाला स्वतः कापता येते, याचे पुरावे आहेत. आयआयटी मुंबईचे प्रा. अभय करंदीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पालघर जिल्ह्यात ‘ग्राममार्ग’ प्रकल्प केला. दूरचित्रवाणीसाठी राखलेल्या पण रिकाम्या पडलेल्या लहरींवरून त्यांनी आधी मोजक्या गावांत आणि नंतर परवाना न लागणाऱ्या लहरींवरून पंचवीस गावांत ब्रॉडबँड नेले. सांभाळायची व्यवस्था पंचायतीला भागीदार करून आखलेली होती. त्याआधी, १९९८ मध्ये, वारणानगरच्या सहकारी साखर कारखान्याभोवतीची सत्तर गावे संगणकाने जोडण्याचा प्रयोग झाला. तो फार टिकला नाही, पण उसाचे वजन आणि बिल गावातच कळावे ही गरज सहकाराने ओळखली होती. इंग्लंडात लँकेशरच्या शेतकऱ्यांनी तर २०११ मध्ये स्वतःची संस्था काढली. बड्या ब्रिटिश टेलिकॉमला त्यांच्या विखुरलेल्या वस्त्या परवडत नव्हत्या. शेतकऱ्यांनी आपल्याच शेतांतून मोबदला न घेता चर खणू दिले, भाग विकून भांडवल उभे केले आणि महिना तीस पौंडांत शहराहून वेगवान जोडणी घराघरांत दिली. आपल्या ज्या पुणे जिल्ह्याने पाणीपुरवठ्याच्या, दुधाच्या, उसाच्या सोसायट्या चालवल्या, त्याला हे अवघड का वाटावे? शिरूर तालुक्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम काढला, आणि अमेरिकेतल्या एमआयटीच्या बाहेर निघालेल्या अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी, म्हणजे डिजिटल यंत्रांच्या कार्यशाळांपैकी, एक तिथे आली. तंत्र शिकलेली पोरे या मातीत आहेत.

आणि जागा? ती आपल्याकडे आहे. महाराष्ट्राने १९६७ मध्ये सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा करून मान्य केले की, वाचन ही लोकांनी आणि सरकारने मिळून करायची सोय आहे. पुस्तक विकत घेण्याची ऐपत हा वाचकाचा निकष राहिला नाही. राज्यात अशी हजारो ग्रंथालये आहेत. संध्याकाळी तिथे दिवा लागतो, बसायला बाक असतो, माहितीतला ग्रंथपाल असतो. बायका-मुलींना चावडीपेक्षा तिथे जाणे सोपे जाते. भारतनेटची तार पंचायतीच्या कपाटापर्यंत न्यायची आणि शंभर पावलांवरच्या वाचनालयाला सोडायचे, हे मला मुळीच पटत नाही.

रेल्वेने खुटबावहून पुढचेच स्थानक केडगाव. तिथे पंडिता रमाबाईंनी मुक्ती सदन उभे केले आणि दुष्काळातून आलेल्या मुलींना घेऊन छापखाना चालवला. मुलींना वाचायला शिकवून रमाबाई थांबल्या नाहीत. खिळे जुळवायला, छापायला बसवले. निराधार मुलींसाठी निवडक चांगली पुस्तके पुरेत, असे त्यांना कधी वाटले नाही. गावाला निवडक इंटरनेट पुरे म्हणणाऱ्यांना मी तो छापखाना आठवायला सांगेन.

पुण्यातच १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत सुरू केली, आणि एकट्या ग्राहकाला कंपनी जुमानत नसली तरी संघटित ग्राहकाला जुमानावे लागते, हे दाखवले. दूरसंचाराच्या बाबतीत गावचा ग्राहक अजून एकटा आहे. ‘ट्राय’ आजही लोकांची मते मागवते. २०२४ च्या डिसेंबरात तिने कंपन्यांना, डेटा नको असलेल्यांसाठी फक्त बोलण्याचे आणि एसएमएसचे वेगळे रिचार्ज ठेवायला लावले, म्हणजे मागणी पोहोचली तर ऐकू जाते. तिचे मसुदे इंग्रजीत निघतात, मुदत थोडकी असते. ते मराठीत आणून वाचनालयाच्या फलकावर लावणे आणि गावाचे उत्तर मुदतीत पाठवणे, हे ग्रंथपालाचे काम आहे असे मी मानतो, आणि सरकारनेही ते त्याच्या पगारात धरावे.

येत्या ग्रामसभेत प्रत्येक वाचनालयाने एक ठराव मांडावा: भारतनेटची जोडणी सार्वजनिक वाचनालयात यावी, ती गेल्या वर्षात किती दिवस चालू होती ते पंचायतीने लेखी सांगावे, आणि तुटली तर कुणी किती दिवसांत जोडायची त्याचे नाव-पद दारावर लावावे. ठरावाची नक्कल गटविकास अधिकाऱ्यांकडे द्या, पोच घ्या. महिन्याभरात उत्तर आले नाही तर माहिती अधिकारात अर्ज करा. अर्ज लिहायला कुणी अडले, तर जेवणाच्या सुट्टीत मी समोरच्या टेबलावर बसणार आहे. कागद घेऊन या.